20 एचपी ड्राइव्ह, तीन मॉड्यूल आणि टॉर्क पाना : दुरुस्तीच्या नोंदी

19 सप्टेंबर 2024

गुऱ्हाळघरातली 20 एचपीची ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) आज टेबलावर घेतली. उसाच्या घाण्याची मोटर हिच्यावर चालते. गेल्या दोन्ही हंगामांत एकच तक्रार होती. चालू घाण्यात अचानक मोठा आवाज, फ्यूज उडालेले, आणि उघडून बघावं तर मोटरला जाणाऱ्या यू, व्ही, डब्ल्यू या तीन फेजपैकी डब्ल्यूचं आयजीबीटी मॉड्यूल (मोटरचा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) फुटलेलं. दोन्ही वेळा बाहेर मॉड्यूल बदलून घेतलं आणि दोन्ही वेळा तेच परत गेलं. मालक आबांच्या मते माल डुप्लिकेट येतोय. असू शकतं. पण डुप्लिकेट माल दरवेळी एकाच फेजला का जाईल?

आत 34 मिमी रुंदीची तीन मॉड्यूल आहेत, प्रत्येकी 75 अँपिअर, 1200 व्होल्ट. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एकेक एम6 (6 मिमी व्यासाच्या) स्क्रूची जागा. शेजारी रेक्टिफायरची (एसीचं डीसी करणारी) तीन मॉड्यूल, डीसी बसचे (त्या डीसी वाहिनीचे) स्क्रू टर्मिनलवाले कॅपॅसिटर आणि कोपऱ्यात कंट्रोलचा छोटा सप्लाय.

खोलण्याआधी प्रत्येक स्क्रूवर मार्करने रेघ ओढली आणि मग एकेक सोडवला. डब्ल्यू फेजचा पंख्याकडचा स्क्रू ॲलन की लावताच सुटला, जोर लावावा लागलाच नाही. त्याच मॉड्यूलचा दुसरा स्क्रू मात्र लांब दांडी घालून सोडवावा लागला. सोडवताना लागलेला टॉर्क (पिळण्याचा जोर) म्हणजे आवळतानाचा टॉर्क नव्हे, सहसा तो कमीच भरतो, आणि गंज धरला असेल तर जास्त. त्यामुळे त्यावरून आकडा काढत बसलो नाही. पण एकाच मॉड्यूलच्या दोन टोकांत इतका फरक असणं पुरेसं बोलकं आहे.

मॉड्यूल हीटसिंकवरून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावरून) उचललं तेव्हा मधल्या उष्णतावाहक पेस्टचा ठसा दिसला. घट्ट टोकाकडे पातळ, पसरलेली, करडी पेस्ट. मधोमध जाड थर, त्यावर बोटाने फासल्याच्या रेघा जशाच्या तशा. सैल टोकाकडे पेस्ट वाळून पिवळी पडलेली आणि तांब्याच्या बेसवर काळपट डाग. हीटसिंकच्या त्या टोकाला भोकाभोवती ॲल्युमिनियमची कड वर आलेली. नख फिरवलं तरी लागते.

यू आणि व्ही फेजची मॉड्यूल चालू स्थितीत आहेत, पण तीही काढून पेस्ट साफ करणार.

20 सप्टेंबर

आज फक्त आकडे गोळा केले. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी सुरुवात इथूनच करावी. प्रत्येक सुट्या भागाची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडायची, त्यात 'माउंटिंग टॉर्क' शोधायचा आणि कागदावर उतरवायचा.

या आयजीबीटी मॉड्यूलच्या बेसच्या एम6 स्क्रूला 3 ते 6 न्यूटन-मीटर. वरच्या एम5 टर्मिनलना 2.5 ते 5. म्हणजे एकाच वस्तूवर दोन वेगळे आकडे. रेक्टिफायरच्या बेसला 5 न्यू.मी., 15 टक्के कमी-जास्त चालतं, त्याच्या टर्मिनलला 3. कॅपॅसिटरच्या एम5 टर्मिनलला मी 2 धरलेत, कारण तिथले आटे ॲल्युमिनियमचे असतात आणि ते गेले तर अख्खा कॅपॅसिटर बदलावा लागतो. सप्लायमधल्या टीओ-220 आकाराच्या मॉसफेटचा (छोट्या ट्रान्झिस्टरचा) एम3 स्क्रू 0.5 ते 0.6.

छोट्या ट्रान्झिस्टरच्या बाबतीत एक खबरदारी. काही अमेरिकी डेटाशीटमध्ये '10 एलबीएफ-इंच' (पौंड-इंच) असं लिहिलेलं असतं. ते 1.1 न्यू.मी. होतात, आणि ती कमाल मर्यादा आहे, आवळायचं माप नव्हे. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच टॉर्क ड्रायव्हरवर खुणा किलोग्रॅम-सेंटिमीटरच्या असतात. तिथे 1 न्यू.मी. म्हणजे साधारण 10.2. एकक न बघता नुसता 10 हा आकडा उचलला तर न्यूटन-मीटरच्या पान्यावर तो एम3 स्क्रूचं डोकं तोडेल.

दिलेल्या पल्ल्यात मी मधला आकडा घेतो. आयजीबीटीच्या बेसला 4.5 आणि टर्मिनलला 3.5 ठरवलं. वरच्या टोकाला गेलो तर पान्याची चूक आपल्याला मर्यादेपलीकडे नेते, आणि खालच्या टोकाला राहिलो तर पेस्ट बसल्यावर दाब कमी पडतो.

23 सप्टेंबर

हत्यारं. ओळखीच्या गॅरेजमधून मोटरसायकलचा टॉर्क पाना आणला होता, पल्ला 5 ते 25 न्यू.मी. आपलं काम 4.5 च्या आसपास, म्हणून आधी तपासायचं ठरवलं.

तपासणी घरच्या घरी होते. पान्याचं चौकोनी टोक व्हाइसमध्ये असं पकडायचं की पाना आडवा, जमिनीला समांतर फिरेल. मुठीच्या मध्यावरच्या खुणेला दोरी बांधायची, दोरीला प्रवासाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा लावायचा आणि पान्याशी काटकोनात, आडवं, हळूहळू ओढायचं. क्लिक होताना काट्यावर किती किलो होते ते बघायचं. आडवं ओढल्यामुळे पान्याचं स्वतःचं वजन हिशेबात येत नाही. मुठीच्या मध्यावरच ओढायचं, कारण क्लिकच्या पान्यात हात पुढेमागे झाला तर आकडा बदलतो.

गॅरेजच्या पान्याची दांडी 24 सेंटिमीटर भरली. 5 न्यू.मी. ला काट्यावर 2.12 किलो यायला हवे होते. आले 2.6 पासून 3 पर्यंत, आणि दर खेपेला वेगळे. म्हणजे 5 लावून प्रत्यक्षात 6 ते 7 न्यू.मी. मिळत होते. पाना खराब आहे असं नाही. कुठलाही क्लिकचा पाना त्याच्या पल्ल्याच्या अगदी तळाशी भरवशाचा नसतो. निदान खालचा पाचवा हिस्सा सोडून द्यावा.

शेवटी दोन हत्यारं विकत घेतली. 2 ते 10 न्यू.मी.चा पाव इंची पाना, 5,200 रुपये. आणि 0.2 ते 1.2 न्यू.मी.चा टॉर्क ड्रायव्हर, 6,800 रुपये. एका हत्यारात दोन्ही कामं बसत नाहीत, आणि कोणी बसतात म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवू नये. नव्या पान्याची दांडी 18 सेंटिमीटर, 4.5 ला 2.55 किलो हवे होते, आले 2.5 ते 2.6. छान.

खर्च ऐकून हाताखालच्या अमोलचा चेहरा पडला. पण एक मॉड्यूल 4,300 रुपयांना पडतं, आणि हंगामात घाणा बंद पडला की तोडून आणलेला ऊस वाळत पडतो. त्याच्या पुढे बारा हजार जास्त नाहीत.

25 सप्टेंबर

हीटसिंक. पेस्ट आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसली, वर सरळ पट्टी ठेवली आणि मागून टॉर्च धरली. यू आणि व्ही खाली उजेड जवळजवळ नाही. डब्ल्यूच्या सैल टोकाखाली 0.05 मिमीची फिलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) आरपार गेली, 0.10 ची अडकली. मॉड्यूलच्या कंपन्या साधारण 100 मिमी लांबीत 0.03 ते 0.05 मिमीपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाहीत.

कारणही सापडलं. त्या भोकाचे आटे कधीतरी गेले होते आणि कोणीतरी तिथेच मोठ्या मापाचा स्क्रू दडपून बसवला होता. आटे पडताना धातू वर ढकलला गेला आणि भोकाभोवती कड उभी राहिली. ती कुणी काढली नाही. त्यामुळे मॉड्यूल त्या कडेवर टेकलं, स्क्रू कितीही आवळला तरी सगळा दाब कडेवर, आणि मधला भाग, जिथे आत चिप बसलेली असते, अधांतरी. शिवाय दडपलेले आटे धरून राहणारे नव्हतेच. घाण्याच्या हादऱ्याने तो स्क्रू सुटत गेला.

मॉड्यूलच्या तांब्याच्या बेसवर पट्टी ठेवल्यास थोडी फट दिसते, तो दोष समजू नये. बेस मुद्दाम किंचित फुगीर बनवतात, म्हणजे टोकं आवळली की मधला भागही हीटसिंकवर दाबून बसतो. अमोल ते पॉलिश पेपरवर घासायला निघाला होता, त्याला थांबवलं.

26 आणि 27 सप्टेंबर

कोल्हापुरात असल्याचा फायदा असा की उद्यमनगरात चालत गेलं तरी मिलिंगवाला भेटतो. हीटसिंकची वरची बाजू सपाट करायला दिली. 700 रुपये.

परत आली ती चमकत होती, पण पट्टी ठेवली तर मध्यभागी पोकळ. एक्स्ट्रूड केलेल्या (साच्यातून दाबून काढलेल्या) हीटसिंकच्या पात्या पातळ असतात. शॉपमध्ये तो पात्यांच्या बाजूने व्हाइसमध्ये घट्ट पकडला गेला, त्यामुळे बेस वाकला, वाकलेल्या स्थितीत सपाट कापला गेला, आणि व्हाइस सोडल्यावर धातू आपल्या जागी परतला. कापताना सपाट असलेली बाजू सुटल्यावर वाकडी झाली.

दुसऱ्या दिवशी परत जाऊन मी शेजारी उभा राहिलो. या वेळी बेसच्या कडांना क्लॅम्प, तोही हलका, खाली पात्यांमध्ये लाकडी पट्ट्या, आणि कटरचा शेवटचा हात अगदी बारीक. आता 0.03 ची फिलर पट्टी कुठेच शिरत नाही. कारागिराने दुसऱ्या खेपेचे पैसे घेतले नाहीत. ज्यांना हे काम बाहेर द्यायचं आहे त्यांनी आधीच सांगावं की पात्यांना पकडू नका.

गेलेल्या भोकात एम6 चं स्टीलचं वेटोळं बसवलं, हेलिकॉइल म्हणतात ते. किटमध्ये मिळणारा ड्रिल आणि टॅपच वापरायचा, साध्या एम6 टॅपने ते बसत नाही. किट 1,400 रुपये. बाकीच्या पाच भोकांनाही तोंडाशी काउंटरसिंकचा अगदी हलका हात दिला, कड राहू नये एवढाच. ॲल्युमिनियममध्ये आट्यांची पकड स्क्रूच्या व्यासाच्या दुप्पट तरी हवी, म्हणजे एम6 ला 12 मिमी. इथे 14 मिमी मिळाली. भोकं बंद तळाची आहेत, म्हणून हवेने साफ केली. तळाशी चुरा राहिला तर स्क्रू त्यावर टेकतो, पाना क्लिक होतो आणि मॉड्यूल सैलच राहतं.

28 सप्टेंबर

कंट्रोल सप्लायचा टीओ-220 मॉसफेट. हा बिघडलेला नव्हता, पण उजेडात धरला तर काळ्या प्लॅस्टिकच्या बाजूने हीटसिंकपासून उचललेला दिसला. टीओ-220 ला भोक एकाच टोकाला असतं, पत्र्याच्या जिभेत. तिथे जास्त आवळलं की जीभ वाकते आणि दुसरं टोक, ज्याच्यात चिप आहे, वर उचललं जातं. माणूस गरम होतंय म्हणून आणखी आवळतो आणि ते आणखी उचललं जातं. मधलं इन्सुलेटिंग बुशही दाबून चिरलं होतं.

नवीन पॅड, नवीन बुश, स्क्रूच्या डोक्याखाली सपाट वायसर आणि शंकूच्या आकाराचा स्प्रिंग वायसर. नायलॉनचं बुश उष्णतेत हळूहळू दबतं, तेव्हा स्प्रिंग वायसर दाब टिकवून धरतो. 0.5 न्यू.मी. दिले. आधी स्क्रू, मग सोल्डर. उलटं केलं तर पाय आधीच बोर्डात जखडलेले असतात आणि आवळताना सगळा ताण त्यांच्या मुळाशी येतो. बोर्डाला जोडण्याआधी तिन्ही पाय एकत्र तारेने बांधून हीटसिंकशी 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) इन्सुलेशन बघितलं. ठीक.

30 सप्टेंबर

आज मॉड्यूल. सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा.

पेस्ट किती लावायची याचा अंदाज डोळ्याने घेऊ नये. बेस 34 बाय 94 मिमी, म्हणजे साधारण 32 चौरस सेंटिमीटर. थर 0.1 मिमी हवा. हिशेबाने 0.32 मिलिलिटर. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये पेस्ट भरून एका मॉड्यूलसाठी बरोबर 0.3 मिली. काढली आणि रबरी रोलरने बेसवर पसरली. ती इतकी कमी दिसते की अजून थोडी लावायचा मोह होतो. लावू नये. पेस्टचं काम धातूंमधल्या बारीक फटी भरण्याचं. ॲल्युमिनियमच्या मानाने तिच्यातून उष्णता फारच हळू जाते.

पहिलं मॉड्यूल मुद्दाम तपासणीसाठी बसवलं आणि परत काढलं. ठसा एका कोपऱ्यात कोरडा निघाला. रोलर एकाच दिशेने फिरवल्यामुळे त्या कोपऱ्यात पेस्ट पोचली नव्हती. साफ केलं, या वेळी उभं-आडवं दोन्ही फिरवलं. दुसरा ठसा सगळीकडे सारखा आला. असं एक मॉड्यूल वाया घालवल्यासारखं काढून बघितल्याशिवाय बाकीची बसवू नयेत. आत काय झालं आहे ते कळायचा दुसरा मार्ग नाही.

आवळायचा क्रम असा. दोन्ही स्क्रू हाताने टेकेपर्यंत. मग टॉर्क ड्रायव्हरने दोन्हींना 0.5. मग पान्याने दोन्हींना 2, आलटून पालटून. मग 4.5. एक टोक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलो तर पेस्ट एकीकडे ढकलली जाते आणि बेस तिरका बसतो. जुन्या ठशात नेमकं तेच दिसत होतं. बेसच्या आत सिरॅमिकची पातळ चकती सोल्डर केलेली असते. बेस वाकला की ताण तिच्यावर. ती तडकली तर इन्सुलेशन जातं आणि हीटसिंकवर थेट बसचा व्होल्टेज येतो.

4.5 दिल्यावर अर्धा तास थांबलो. नंतर परत पाना लावला तर दोन्ही स्क्रू थोडे आणखी फिरले आणि मग क्लिक आला. पेस्ट पसरायला वेळ घेते, तेवढ्यात दाब उतरतो. तासाभराने तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा स्क्रू न हलता क्लिक आला. मग पुरे.

व्ही फेजला एक अडचण आली. मॉड्यूल सरकवताना पेस्टचा डाग भोकात गेला आणि स्क्रूच्या आट्यांना लागला. पान्यावर 4.5 च दिसले असते, पण आटे निसरडे झाले की तेवढ्याच टॉर्कमध्ये स्क्रू जास्त ओढला जातो. ढोबळ हिशेब असा की कोरड्या आट्यांवर 4.5 न्यू.मी. म्हणजे एम6 स्क्रूमध्ये सुमारे 380 किलोंचा ताण, आणि वंगण लागलेल्या आट्यांवर तोच आकडा 500 किलोंच्या वर नेतो. टॉर्क आपण मोजतो, मॉड्यूलला मात्र दाब हवा असतो, आणि दोघांमध्ये आट्यांचं घर्षण आहे. मॉड्यूल काढलं, भोक आणि स्क्रू आयपीएने धुतले, पेस्ट नव्याने लावली. अमोलने विचारलं, "दादा, एवढ्याशा डागानं काय होतंय?" त्याला एक कोरडा आणि एक पेस्ट लावलेला स्क्रू रिकाम्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यात आवळायला दिला, खाली वायसर ठेवून. पेस्ट लावलेला स्क्रू त्याच क्लिकला बराच पुढे फिरला. मग त्याने स्वतःच बाकीची भोकं परत पुसली.

3 ऑक्टोबर

टर्मिनल आणि बसबार (टर्मिनल जोडणारी तांब्याची पट्टी). सोपं वाटलं होतं, पण अर्धा दिवस यातच गेला.

सगळे एम5 स्क्रू 3.5 ला क्लिक झाले. मग सवयीप्रमाणे प्रत्येक लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) हाताने हलवून बघितला. व्ही फेजच्या आउटपुटचा लग फिरला. पाना क्लिक झालेला, स्क्रू घट्ट, आणि लग मोकळा.

स्क्रू लांब होता. डीसी बसच्या टर्मिनलवर बसबार आणि स्नबर (व्होल्टेजचे झटके शोषणाऱ्या) कॅपॅसिटरची पट्टी असे दोन थर असतात, म्हणून तिथे 16 मिमीचा स्क्रू. आउटपुटला फक्त लग. तिथे तोच 16 मिमीचा स्क्रू लागला आणि तो आत तळाला टेकला. टॉर्क सगळा तळाला दाबण्यात गेला. टर्मिनलच्या आत आटे किती खोल आहेत ते डेटाशीटच्या आकृतीत दिलेलं असतं. त्यात लगची आणि वायसरची जाडी मिळवून स्क्रूची लांबी ठरवायची. आउटपुटचे तिन्ही स्क्रू 12 मिमीचे केले आणि दोन लांबीचे स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेवले.

लग हाताने हलवणं पुरेसं वाटेना, म्हणून मिलिव्होल्ट चाचणी केली. बेंच सप्लायमधून 10 अँपिअर आउटपुटच्या केबलमधून आत सोडायचे, मॉड्यूलच्या आतल्या वरच्या डायोडमधून ते डीसी प्लसला निघतात. मीटरचं एक टोक लगच्या नळीवर, दुसरं टर्मिनलच्या पत्र्यावर. यू आणि डब्ल्यूला 0.3 मिलिव्होल्ट. व्हीला लांब स्क्रू परत लावून मुद्दाम मोजलं, 3 च्या वर आणि केबल हलवली की आकडा नाचतो. बरोबर स्क्रू लावला, तोही 0.3 वर आला. 30 अँपिअरला असा सैल सांधा तापत तापत टर्मिनलचं प्लॅस्टिक जाळतो.

बसबारचं एक भोक टर्मिनलच्या मध्याशी जुळत नव्हतं, साधारण एक मिमी फरक. स्क्रू घालून ओढून घेता आलं असतं. पण मग टर्मिनलवर कायमचा बाजूचा ताण राहतो आणि रोजच्या गरम-थंड होण्यात आतला सोल्डर थकतो. कानस घेऊन भोक लांबट केलं. लग आणि टर्मिनल यांच्यामध्ये वायसर घालू नये, तांब्याला तांबं लागायला हवं. वायसर वर, स्क्रूच्या डोक्याखाली. जुन्या दुरुस्तीत दोन ठिकाणी ते उलटे घातलेले सापडले.

शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या पत्र्यावर पेंट पेनने एक सरळ रेघ. पुढे कोणीही टॉर्च मारून बघू शकेल की स्क्रू हलला का.

5 ऑक्टोबर

चाचणी. आधी 200 वॅटचा दिवा सीरिजमध्ये घालून, मग थेट. डीसी बसवर 570 व्होल्टच्या आसपास असतात, सप्लाय काढल्यावर कॅपॅसिटर उतरल्याची मीटरने खात्री केल्याशिवाय हात घालायचा नाही. अमोलला हे वेगळं सांगितलं आणि इथेही लिहून ठेवतो.

आता ज्या प्रश्नासाठी हा सगळा उद्योग केला तो: ड्राइव्ह काहीही इशारा न देता मॉड्यूल का फुटतं? गेल्या हंगामात ड्राइव्हच्या डिस्प्लेवर हीटसिंकचं तापमान व्यवस्थित दिसत होतं, ओव्हरहीटचा ट्रिप (तापल्यावर आपोआप बंद पडणं) एकदाही आला नव्हता, असं आबा सांगतात. ते खरंच असणार. सेन्सर हीटसिंकवर बसलेला आहे. मॉड्यूल आणि हीटसिंक यांचा सांधा खराब असेल तर हीटसिंक नेहमीइतकाच तापतो, पण तेवढीच उष्णता त्या सांध्यातून जायला चिपला खूप जास्त तापावं लागतं. चिप भाजून निघते आणि सेन्सरला सगळं नेहमीसारखं दिसतं. सैल मॉड्यूल ट्रिप न देता फुटतं ते यामुळे. डिस्प्लेवरचं तापमान चांगलं म्हणजे माउंटिंग चांगलं, असं धरून चालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

म्हणून थर्मोकपल (तापमान मोजायची तार) प्रत्येक मॉड्यूलच्या तांब्याच्या बेसच्या उघड्या कडेला चिकटवलं आणि एक शेजारी हीटसिंकवर. 24 अँपिअरवर तासभर चालवली. हीटसिंक 58 अंश. यू 64, व्ही 65, डब्ल्यू 64. तिघांमध्ये अंशाचा फरक. एखादं मॉड्यूल पाच-सात अंशांनी वेगळं निघालं असतं तर काढून परत बसवावं लागलं असतं.

8 ऑक्टोबर

ड्राइव्ह गुऱ्हाळात बसवली. पॅनेल घाण्यापासून जवळ आहे, जमीन हादरते, आणि चिपाडाचा बारीक भुसा सगळीकडे. पंख्याच्या जाळीत तो नमद्यासारखा बसला होता. जाळी बदलली.

आबा शेजारी उभे होते. पाना क्लिक झाला की म्हणाले, "अजून एक आटा दे की. हितं सगळं हलतंय, सुटंल ते." मी म्हटलं, "आबा, मागच्या वेळी जास्त आवळूनच आटे गेले होते. तुम्ही ही पांढरी रेघ बघत जा. रेघ तुटली तर मला फोन करा, पाना लावू नका." त्यांनी नातवाला बोलावून रेघा दाखवल्या, म्हणजे काम होईल.

मीटरकडून येणारी केबल ॲल्युमिनियमची आहे आणि एमसीसीबीचे (सर्किट ब्रेकरचे) टर्मिनल तांब्याचे. बायमेटल (एका टोकाला ॲल्युमिनियम, दुसऱ्याला तांबं असलेले) लग लावले, एमसीसीबीवर छापलेल्या टॉर्कने आवळले. छापलेला आकडा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, बाजूच्या लेबलवर बारीक अक्षरात असतो.

दसऱ्याला, 12 तारखेला, पूजा करून घाणा सुरू झाला.

9 नोव्हेंबर

दिवाळीनंतर जाऊन आलो. घाणा रोज चालू आहे. ड्राइव्ह बंद करून, बस उतरल्यावर दार उघडलं.

मॉड्यूलच्या सगळ्या रेघा जागेवर. टर्मिनलच्याही. इथे पाना लावला नाही. जे हललं नाही त्याला परत परत आवळणं म्हणजे दरवेळी थोडा जास्त ताण देणं. फक्त मिलिव्होल्ट पुन्हा मोजले, आउटपुटचे तिन्ही 0.3 ते 0.4.

येणाऱ्या केबलच्या एका फेजची रेघ मात्र तुटली होती. दोष लगमध्ये नव्हता. लगच्या नळीतली ॲल्युमिनियमची तार नीट क्रिंप (दाबून पक्की) झाली नव्हती, ती तापून दबली होती आणि केबल वाकल्यावर लग फिरला होता. लग कापून नवीन हेक्स क्रिंप केला, टॉर्क दिला, नवी रेघ ओढली. पुढच्या वेळी ॲल्युमिनियम केबलचे सांधे पंधरा दिवसांतच बघायचे, महिनाभर थांबायचं नाही.

तापमान: हीटसिंक 61, तिन्ही मॉड्यूल 67 ते 68.

खर्चाचा हिशेब आबांना दिला. मॉड्यूल 4,300, मिलिंग 700, पेस्ट, लग, स्क्रू, पॅड मिळून 1,150. हेलिकॉइल किट, पाना आणि ड्रायव्हर माझ्या खात्यात, ते पुढच्या कामांना लागणारच. मजुरी वेगळी.

दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या पाकिटात चिठ्ठी लावली: बेस एम6, 4.5. टर्मिनल एम5, 3.5, आउटपुटला स्क्रू 12 मिमी, बसला 16 मिमी. रेक्टिफायर बेस 5, टर्मिनल 3. कॅपॅसिटर 2. सप्लायचा एम3, 0.5. सगळे न्यूटन-मीटर, कोरडे आटे. खाली तारीख.